वर्तनाधिष्ठित सुरक्षा : एका गृहीतकाची चिकित्सा

औद्योगिक सुरक्षिततेच्या अध्यापनात हर्बर्ट हाइनरिक यांच्या ‘इंडस्ट्रियल ॲक्सिडेंट प्रिव्हेन्शन’ (१९३१) या ग्रंथाचा उल्लेख अटळ ठरतो. शंभरपैकी ८८ अपघात कामगारांच्या असुरक्षित कृतींमुळे, १० असुरक्षित परिस्थितीमुळे आणि २ अपरिहार्यपणे घडतात, ही त्यांची विभागणी वर्तनाधिष्ठित सुरक्षेच्या समर्थनार्थ वारंवार पुढे केली जाते. तथापि, या आकड्याचे मूळ क्वचितच तपासले जाते.

हाइनरिक विमा कंपनीत नोकरीस होते. विम्याचे निकाली निघालेले सुमारे १२,००० दावे व कारखान्यांतील ६३,००० नोंदी हे त्यांचे साधन. या नोंदी बहुतांशी पर्यवेक्षक व मालक यांच्याकडून आलेल्या. म्हणजे ज्यांच्याकडे यंत्राची देखभाल, त्यांनीच अपघाताचे कारण लिहायचे! शिवाय प्रत्येक अपघात एकाच कारणाच्या खात्यावर मांडलेला. यंत्राचे संरक्षक आवरण तुटलेले असताना कामगाराचा हात आत गेला, तर दोष कोणाचा, हा प्रश्न अशा वर्गीकरणात उरतच नाही. हाइनरिक यांनी स्वतः यंत्ररचनेतील सुधारणांचाही पुरस्कार केला होता. त्यांच्या अनुयायांना मात्र ८८ हा आकडाच तेवढा लक्षात राहिला.

ही पद्धती निष्फळ आहे, असे म्हणणे अन्यायाचे होईल. ज्युडिथ कोमाकी व सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या बेकरीतील अभ्यासात निरीक्षण व प्रत्याभरण यांमुळे एका विभागातील सुरक्षित वर्तन ७० टक्क्यांवरून सुमारे ९६ टक्क्यांपर्यंत गेले. परंतु प्रत्याभरण थांबताच ते पूर्वपदावर आले, ही त्याच अभ्यासातील बाब आपल्याकडील प्रशिक्षणवर्गांत सहसा सांगितली जात नाही.

या पद्धतीची खरी मर्यादा टेक्सास सिटी येथील तेलशुद्धीकरण कारखान्यात उघड झाली. २३ मार्च २००५ रोजी तेथे झालेल्या स्फोटात १५ जण मृत्युमुखी पडले, सुमारे १८० जखमी झाले. मृत सारे कंत्राटदारांचे कर्मचारी होते. त्या दिवशी उत्तम सुरक्षा-कामगिरीप्रीत्यर्थ भोजन झाले होते, हा केवळ दैवदुर्विलास नव्हे. वैयक्तिक दुखापतींचे घटते प्रमाण हेच सुरक्षिततेचे माप मानल्याने मनोऱ्यातील द्रवपातळी चुकीची दाखवणारे उपकरण, धोकादायक संयंत्राशेजारी उभारलेली तात्पुरती कार्यालये आणि सलग २९ वा अधिक दिवस बारा-बारा तासांच्या पाळ्या करणारे चालक या मापात बसतच नव्हते. २००७ मधील बेकर समितीच्या अहवालाने नेमके यावरच बोट ठेवले. भोपाळला १९८४ मध्ये शीतकरण यंत्रणा बंद ठेवण्याचा निर्णयही कोणा कामगाराच्या ‘वर्तना’त मोडत नव्हता.

१९४८ च्या कारखाने अधिनियमातील कलम २१ ने धोकादायक यंत्रभागांना आवरण घालणे बंधनकारक केले होते. निरीक्षणपत्रिकेत मात्र हातमोजे, शिरस्त्राण, उभे राहण्याची पद्धत यांचे रकाने असतात. पॉवर प्रेसवरील कंत्राटी कामगाराला नगावर मजुरी मिळते का, बिघडलेल्या संवेदकाची दुरुस्ती कोणी लांबवली, यांसाठी त्यात रकाना नसतो. आणि पत्रिका भरणारा सहकारी तो स्वतःहून आखण्याच्या स्थितीतही नसतो.