पुनर्रचनीय चिप आणि सुरक्षिततेची सिद्धता

भुसावळ-जळगाव-चाळीसगाव हा लोहमार्ग काय किंवा चाळीसगावाहून धुळ्यास जाणारा फाटा काय, तेथील प्रवाशाचे जीवित सिग्नलावर विसंबून असते. जुन्या सिग्नलाची तार तुटली, तर भाराच्या ओढीने त्याचा हात आडवा होऊन धोका दर्शवी. पुढे आलेल्या सिग्नल-रिलेतही वीज खंडित होताच आर्मेचर स्वतःच्या वजनाने खाली येते व मंडल सुरक्षित बाजूस वळते. येथे सुरक्षिततेला गुरुत्वाकर्षण जामीन असते.

एफपीजीए ह्या पुनर्रचनीय चिपला असा जामीन नाही. तिच्यातील तर्कमंडलांची जोडणी अभियंता वर्णनभाषेत लिहितो आणि संगणकीय संश्लेषक त्या वर्णनाचे प्रत्यक्ष मंडलात रूपांतर करतो. एसरॅम जातीच्या चिपमध्ये ही जोडणी स्मृतिपेशींत साठविलेली असते. विश्वकिरणजन्य न्यूट्रॉनामुळे एखादी पेशी उलटली, तर मंडलच बदलू शकते. आणि ते कोणत्या बाजूस बदलेल, हे निसर्गाने ठरवून दिलेले नाही.

विमानविद्येतील डीओ-२५४ (२०००) आणि आयईसी ६१५०८ ची दुसरी आवृत्ती (२०१०) यांनी अशा चिपच्या रचनेस शिस्त लावली, हे त्यांचे श्रेय निर्विवाद आहे. तथापि ही शिस्त मुख्यतः रचनेच्या प्रक्रियेची आहे. समजा, अभियंत्याने दोषकाळी मंडल सुरक्षित अवस्थेत नेणारा भाग लिहिला. निर्दोष मंडल त्या अवस्थेत कधीच पोचत नसल्याने संश्लेषक तो भाग अनावश्यक समजून गाळू शकतो. तिहेरी केलेले मंडलही तो एकेरी करू शकतो. डीओ-२५४ संश्लेषकाच्या फलिताची स्वतंत्र तपासणी हा मार्ग सांगते खरे; परंतु ती केवळ अपेक्षित कार्याची असेल, तर गाळलेला भाग उघडकीस येणारच नाही. कागद निर्दोष राहतात आणि चिप मात्र निराधार होते.

आकड्यांनीही ही उणीव भरून निघत नाही. भारतीय रेल्वेने २०२० मध्ये राष्ट्रीय प्रणाली म्हणून स्वीकारलेल्या 'कवच'साठी सुरक्षा-सचोटीची सर्वोच्च, म्हणजे चौथी पातळी ठरविलेली आहे. ह्या पातळीवर धोकादायक बिघाडाचे प्रमाण दर तासाला दहा कोटींत एकाहून कमी असावे लागते. असे गणित यदृच्छेने होणाऱ्या बिघाडांचे होऊ शकते. रचनेतच दडलेली चूक त्या हिशेबात येत नाही.

म्हणून पुनर्रचनीय चिपचे प्रमाणपत्र अंतिम मंडलास दिले जावे, हे आमचे प्रतिपादन आहे. ते मूळ वर्णनाशी समतुल्य आहे काय, हे ताडून पाहावे. मुद्दाम दोष घालून ते कोणत्या बाजूस झुकते, हे तपासावे. आणि प्रत्येक नवी जोडणी, परिणामांची छाननी होईपर्यंत, नवे उपकरणच मानावी. जळगाव-धुळ्याच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना ह्यासाठी मोठ्या प्रयोगशाळेची वाट पाहावी लागणार नाही. सुरक्षित अवस्था असलेले एक लहानसे मंडल लिहावे, ते संश्लेषकातून काढावे आणि ती अवस्था शिल्लक उरली काय, हे स्वतः शोधावे. प्रमाणनाचा पहिला धडा तेथेच मिळेल.