कागद आणि पापणी

गेल्या वर्षी नोव्हेंबरात आई आमच्याकडे हेन्डरसनला होती. पेन्शनसाठी तिचा हयातीचा दाखला पाठवायचा होता. पूर्वी स्वतः बँकेत जाऊन सही करावी लागे. आता खिडकीशी उजेडात बसवलं, फोन तोंडासमोर धरला, तिनं पापणी मिटून उघडली आणि आई हयात ठरली. "आहे ना रे मी?" म्हणून ती हसली.

त्याच रात्री आम्ही 'कागज' पाहिला. सतीश कौशिक यांचा २०२१ चा हा हिंदी चित्रपट आझमगढच्या लाल बिहारींवर बेतलेला आहे. नातेवाइकांनी जमिनीसाठी त्यांना सरकारी दप्तरात मेलेलं दाखवलं. १९७६ ते १९९४, अठरा वर्षं! त्यांनी बायकोसाठी विधवा पेन्शन मागितली, राजीव गांधींविरुद्ध निवडणूकसुद्धा लढवली. कुठल्यातरी कागदावर जिवंत म्हणून नाव यावं, एवढ्यासाठी. पंकज त्रिपाठींचा बँडवाला भरतलाल मला फार आवडला. कचेरीत तो नुसता उभा राहतो तेव्हा आपण हसतो आणि मग ओशाळतो. दिग्दर्शकाला त्या ओशाळण्याचीच भीती वाटली असावी. मग गाणं येतं, भाषण येतं, आणि दोष लाचखोर लेखपालावर (म्हणजे आपला तलाठी) टाकून चित्रपट मोकळा होतो.

पण लेखपाल प्रामाणिक असता तर? चित्रपट हे विचारत नाही, आणि आज मला तोच खरा प्रश्न वाटतो. देशातलं पहिलं आधार २९ सप्टेंबर २०१० ला आपल्याच नंदुरबार जिल्ह्यात, टेंभली गावी दिलं गेलं. बोटं आणि बुबुळं हाच पुरावा. मध्ये लाच खायला कुणी नाही. मात्र कष्टानं, वयानं ठसे झिजतात. नाही जुळले तर भांडायचं कुणाशी? भरतलालसमोर निदान टेबलापलीकडे माणूस होता. शिवाय दर पडताळणीची नोंद मागे राहते. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं आधार बहुमतानं वैध ठरवलं, पण या नोंदी सहा महिन्यांपलीकडे ठेवू नयेत असंही बजावलं. न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांना तर ती सारी योजनाच घटनाबाह्य वाटली. त्यांचं मत एकट्याचं पडलं.

मी काही फोनच्या विरोधात नाही. त्याच्यामुळेच आईला आणखी दोन महिने इथे राहता आलं.

यंदा ती साताऱ्याला आहे. परवा विचारलं, "दाखला झाला?"

"झाला की घरबसल्या. बँकेतल्या बाई तेवढ्या निमित्तानं भेटायच्या, त्या राहिल्या."