‘राजी’: खेळांतील कथा

लालबागच्या गणेशोत्सवांतील देखाव्यापुढें प्रेक्षक दोराबाहेर उभा असतो; पुराणकथा त्याच्या डोळ्यांपुढें घडते, त्याच्या हातून घडत नाहीं. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेनें घडविलेल्या व २०२० सालीं प्रसिद्ध झालेल्या ‘राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक’ या व्हिडिओ गेममध्यें हा दोर सुटतो. असुरांनीं पळविलेल्या गोलू या धाकट्या भावाच्या शोधार्थ त्रिशूळ घेऊन निघालेल्या राजीचें प्रत्येक पाऊल खेळणारालाच टाकावें लागतें.

तथापि आमच्या मतें या कथेचा प्राण तिच्यांतील युद्धांत नाहीं. असुर मारले कीं पुढील द्वार उघडतें. ती नुसती जकात होय. भिंतींवरील देवकथांचीं चित्रें मनोहर खरीं, पण त्यांपुढें आम्ही पुन्हां प्रेक्षकच होतों. जेथें विखुरलेल्या चित्राचीं वर्तुळें फिरवून भावंडांची एखादी आठवण जुळवावी लागते, तेथें मात्र हाताचें काम आणि मनाची ओढ एकरूप होतात. एवढी ओढ लावून कथा शेवटीं एकाएकीं थांबते, हा दोष आम्हांस गंभीर वाटतो. देखावा अपुरा राहिला तर पाहणारा हळहळतो. येथें तर सारी वाट स्वतः चालून आलेला मनुष्य उंबरठ्यावरच राहतो.