मारव्याचा षड्ज

पंडित भीमसेन जोशी यांच्या गायनाचे आम्ही भक्त आहों, हें आरंभींच सांगून टाकलेलें बरें. परीक्षकानें आपला पक्षपात दडवून ठेवला म्हणजे तो पुढें भलत्याच ठिकाणीं डोकें वर काढतो. विद्यार्थिदशेंत पुण्यास असतांना एका घरगुती मैफलींत आम्हीं त्यांचा मारवा समक्ष ऐकला. त्यानंतर गंगाखेड तालुक्यांतील राणीसावरगांवीं, आपल्या घरीं, परत येऊन जें आयुष्य घालविलें त्यांत त्या एका संध्याकाळच्या बळावर आम्हीं किती व्याख्यानें झोडलीं, याचा हिशेब घरच्या मंडळींस विचारावा. ‘बुवांनीं षड्ज लावला आणि मिनिटभर तो हालला नाहीं,’ हें आमचें ठराविक वाक्य. मुलांना तें पाढ्यासारखें पाठ आहे.

गेल्या महिन्यांत पुण्याच्या एका आप्तांनीं त्याच मैफलीचें ध्वनिमुद्रण आमच्याकडे पाठविलें. श्रोत्यांपैकीं कोणीतरी टेप लावून घेतलेलें; नकलेची नक्कल होत होत आतां तें मोबाइलवर येऊन पोंचलें आहे. देवाचें वर्णन करण्यांत जन्म काढावा आणि एके दिवशीं देवानें आपली तसबीर टपालानें धाडावी, तसें आम्हांस झालें. आनंदापेक्षां धास्तीच अधिक वाटली.

मारवा हा राग मुळांतच श्रोत्याची परीक्षा पाहणारा. पंचम त्यांत वर्ज्य. ऋषभ कोमल, मध्यम तीव्र. आणि सारें वजन ऋषभ व धैवत या दोन स्वरांवर. षड्ज वर्ज्य नाहीं, पण गायक त्याला हुलकावणी देत राहतो. निषादावरून चढावें तें थेट ऋषभावर, उतरावें तें षड्जाचें दार टाळून खालच्या निषाद-धैवतावर. तंबोऱ्यांत मात्र षड्ज अखंड वाजत असतो. घरचा दिवा दिसत असावा आणि वाट घराला वळसा घालून जावी, अशी ही दिवेलागणीची हुरहूर आहे. मग षड्ज लागला म्हणजे जो विसावा मिळतो, तो आधींच्या भ्रमणाच्या प्रमाणांतच मिळतो.

येथेंच तबकडीची अडचण सुरू होते. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटें मावत. तेवढ्यांत राग दाखवितां येतो, भोगतां येत नाहीं. अर्थात् तबकडीला नांवें ठेवण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. ज्या गायकाविषयीं लिहीत आहों तो आम्हांस एका तबकडीनेंच दिला. अब्दुल करीमखांसाहेबांची झिंझोटींतील ठुमरी तबकडीवर ऐकून अकरा वर्षांचा भीमसेन १९३३ सालीं गदगचें घर सोडून गुरूच्या शोधांत निघाला, आणि ग्वाल्हेर, रामपूर, जालंधर असें हिंडून अखेर त्याच खांसाहेबांचे शिष्य सवाई गंधर्व यांच्या पायांशीं कुंदगोळास येऊन राहिला. पुढें तेहतीस फेऱ्यांच्या तबकड्या निघाल्या, तेव्हां एका बाजूस वीस-बावीस मिनिटें मिळूं लागलीं. बुवांचा मारवा अशा तबकडीवर आहे, आणि तो उत्तम आहे. षड्ज त्यांत वेळेवर येतो. फार वेळेवर येतो, असें आतां म्हणावें लागतें.

ध्वनिमुद्रण आम्हीं ओसरीवर लावलें. घरची मंडळी होती. शेजारचे एक वृद्ध टाळकरीहि येऊन बसले. जनाबाईच्या गंगाखेडाचा हा टापू भजनाचा. ख्यालाशीं त्यांचा संबंध बेताचाच. आरंभीं तंबोरे जुळविणें, कोणाचें तरी खोकणें, कपबशांचा आवाज. मग बुवांचा स्वर आला आणि आमचा चेहरा उतरला. आवाज बसलेला, मंद्रांतला धैवत एकदां हुकला, एकदां नुसत्या श्वासावर तरंगून विरला. दहा मिनिटें गेलीं, पंधरा गेलीं. आमच्या आठवणींत यांपैकीं कांहींच नव्हतें. तेथले बुवा पहिल्या स्वरापासून गर्जत होते. मुलाकडे पाहण्याचें आम्हीं टाळलें. हा भाग ओलांडून पुढें जावें म्हणून हात पुढें केला, तों टाळकरी म्हणाले, “आजून आळवायलेत की बुवा. घाई कशाला करायलाव?”

हात मागें घेतला. मग लक्षांत येऊं लागलें कीं, जो धैवत हुकला होता त्याच्याकडेच बुवा पुनः पुनः वळत आहेत. दर खेपेस निराळ्या वाटेनें, दर खेपेस थोडे अधिक जवळ. किराणा घराण्याची स्वरामागून स्वर अशी बढत आम्ही पुस्तकी शब्दांत शेंकडों वेळां सांगितली आहे. येथें ती एका माणसाच्या अडचणींतून निघालेली दिसली. गळा तापला नव्हता म्हणून वाट लांबली, आणि वाट लांबली म्हणून ऋषभावरचा मुक्काम असह्य होत गेला. अखेर षड्ज लागला. ओसरीवर कोणी बोललें नाहीं. थोड्या वेळानें मुलगा घड्याळाकडे पाहून हळूच म्हणाला, “अण्णा, अकरा सेकंद.”

अकरा सेकंद! म्हणजे आमचें आयुष्यभराचें वाक्य खोटें. तरीहि तें सर्वस्वीं खोटें आहे असें आम्हांस वाटत नाहीं. तो षड्ज मिनिटभराचा वाटला, तो आधींच्या अर्ध्या तासानें. आणि आम्हीं तो अर्धा तास टाकून देऊन नुसता षड्ज जपून ठेवला होता. वर्षानुवर्षें स्तुति केली ती नेमकी चुकीच्या जागेची.

आतां एक अप्रिय गोष्ट. भीमसेनांचे राग मोजके आणि ताना त्याच त्या, असा आक्षेप जाणते घेत आले, आणि आम्ही तो मत्सर म्हणून झिडकारीत आलों. या ध्वनिमुद्रणांत द्रुत सुरू झाल्यावर एकच सपाट तान थोडक्या वेळांत तीनदां येते. तानेचा हा जोर निव्वळ किराण्याचा नव्हे. केसरबाई केरकर आणि अमीरखां यांचें ऋण बुवा स्वतः मोकळेपणानें मानीत. पहिल्या खेपेस ती तान वीज पडावी तशी पडते. तिसऱ्या खेपेस ती टाळीसाठीं आहे. पण दोष एकट्या गायकाचा म्हणतां येत नाहीं. दर खेपेस वाहवा वाढत जाते, आणि तिच्यांत एक किनरा आवाज असा आहे कीं तो मुखड्यावरच आदळून समेचा घास घेतो. तो आवाज आमचा. आमच्या धाकट्या बहिणीनें तो तत्काळ ओळखला.

मैफली विक्रीस काढतांना तंबोऱ्यांची जुळवाजुळव, मधलीं बोलणीं, कधीं कधीं विलंबिताचा कांहीं भागहि गाळतात. या कात्रीला आमचा विरोध आहे. सवाई गंधर्व १९५२ सालीं वारले. पुढच्या वर्षापासून भीमसेनांनीं पुण्यास त्यांच्या स्मरणार्थ जो महोत्सव चालविला, त्याची सांगता गुरूच्या भैरवींतील जुन्या तबकडीनें करण्याचा प्रघात पडला. चार-दोन मिनिटांची ती तबकडी तेथें पुरते, कारण तिच्यामागें कित्येक तासांचें गाणें उभें असतें. भीमसेन २०११ सालीं गेले. त्यांच्या मागें राहिलेल्या टेपा निवडणारांनीं तो हुकलेला धैवत कापूं नये, एवढेंच आमचें मागणें आहे. आमची वाहवा खुशाल कापावी.

टेप द्रुताच्या मध्येंच संपली आहे. त्यानंतर बुवांनीं एक अभंग म्हटला, आणि तो संपल्यावर कितीतरी वेळ कोणी टाळीच वाजविली नाहीं, असें आम्ही आजवर सांगत आलों. मुलानें विचारलें, “कितीतरी म्हणजे किती, अण्णा?” आम्हीं उत्तर दिलें नाहीं. टाळकरी उठले नव्हते. तंबोरे जुळविण्यापासून पुनः लावलें.