लाल बाण, निळे बाण

शालेय भूगोलातील सागरी प्रवाहांच्या धड्याचे परीक्षण

काही महिन्यांपूर्वी भूगोल शिकवणाऱ्या एका बाईंनी सहामाही परीक्षेच्या उत्तरपत्रिकेतील एक उत्तर मला वाचायला दिले. प्रश्न नेहमीचाच होता : लंडन आणि लॅब्राडोरचा दक्षिण किनारा जवळजवळ एकाच अक्षवृत्तावर आहेत, तरी लंडनचा हिवाळा सौम्य का? अपेक्षित उत्तर, गल्फ स्ट्रीम हा उष्ण प्रवाह. नववीतल्या मुलाने लिहिले होते, 'लंडनला वारा समुद्रावरून येतो आणि लॅब्राडोरला जमिनीवरून येतो म्हणून.' प्रवाहाचा उल्लेखच नाही. बाईंनी आदर्श उत्तराप्रमाणे शून्य गुण दिले होते, पण शंका राहिली म्हणून त्या विचारत होत्या, "सर, हे अगदीच चूक आहे का हो?"

त्या शून्यामुळे मी हा धडा पुन्हा वाचला. जुनी-नवी, मराठी-इंग्रजी काही पाठ्यपुस्तके चाळली. मांडणी थोड्याफार फरकाने तीच आढळली. जगाचा नकाशा, त्यावर उष्ण प्रवाहांचे लाल आणि शीत प्रवाहांचे निळे बाण. मग कारणांची यादी. मग परिणामांची यादी. नकाशा चांगला असतो, नावे बरोबर असतात. दोष याद्यांमध्ये आहे. यादी पाठ करता येते, तिच्यावरून तर्क करता येत नाही.

प्रथम कारणांची यादी पाहू. तापमान, क्षारता, वारे, पृथ्वीचे परिवलन, किनाऱ्याचा आकार. पाच कारणे, प्रत्येकी अर्धा गुण! जणू पाच जण मिळून एक गाडी ढकलत आहेत. प्रत्यक्षात या पाचांची कामे वेगवेगळी आहेत आणि त्यांचा क्रम लागतो.

नॉर्वेचा संशोधक नान्सेन १८९३ ते १८९६ या काळात 'फ्राम' जहाजातून आर्क्टिक महासागरात गेला होता. बर्फ वाऱ्याच्या दिशेने न सरकता तिच्या उजवीकडे २० ते ४० अंशांचा कोन करून सरकतो, हे त्याच्या ध्यानात आले. स्वीडनच्या एकमनने १९०५ साली त्याचे गणित मांडले. वारा पृष्ठभागाचे पाणी ओढतो, पृथ्वीच्या परिवलनामुळे ते उत्तर गोलार्धात उजवीकडे वळते, आणि वरच्या काही दशक मीटर थराचा एकत्रित विचार केला तर पाणी वाऱ्याशी काटकोनात वाहते. आता उत्तर अटलांटिकचा नकाशा समोर घ्या. दक्षिणेकडे ईशान्य व्यापारी वारे, उत्तरेकडे पश्चिमी वारे. दोन्ही ठिकाणी पाणी उजवीकडे सरकले की ते महासागराच्या मध्यभागी जमा होते. तिथे पाण्याचा उंचवटा तयार होतो, जेमतेम एका मीटरचा. उतारावरून पाणी खाली येऊ पाहते, परिवलन त्याला पुन्हा वळवते, आणि ते उंचवट्याभोवती घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरत राहते.

मग हे चक्र पश्चिमेला, म्हणजे अमेरिकेच्या बाजूला, एवढे अरुंद आणि वेगवान का? याचे उत्तर हेन्री स्टॉमेलने १९४८ साली दिले. परिवलनाचा हा परिणाम विषुववृत्तापासून ध्रुवाकडे वाढत जातो, आणि या वाढीमुळेच चक्र पश्चिम किनाऱ्याकडे दाबले जाते. तोच गल्फ स्ट्रीम. फ्लोरिडाच्या सामुद्रधुनीतून दर सेकंदाला सुमारे ३ कोटी घनमीटर पाणी जाते. जगातल्या सर्व नद्या मिळून सुमारे १२ लाख घनमीटर पाणी समुद्रात सोडतात. वारा सुरुवात करतो, परिवलन वळवते, किनारे अडवतात. तापमान आणि क्षारता यांचे मुख्य काम खोल पाण्यात चालते. त्याकडे पुढे येऊ. एवढे सांगितले तर यादीची गोष्ट होते आणि ती विसरली जात नाही.

आता परिणामांकडे वळू. गल्फ स्ट्रीम युरोपला ऊब देतो ही कल्पना अमेरिकी नौदलातील अधिकारी मॅथ्यू मॉरी याच्या १८५५ सालच्या ग्रंथामुळे रूढ झाली. त्याने इमारत तापवण्याच्या यंत्रणेची उपमा वापरली होती : उष्ण कटिबंध ही भट्टी, मेक्सिकोचे आखात हे बंब आणि प्रवाह म्हणजे ऊन पाणी नेणारा नळ. उपमा इतकी सुबक, की दीडशे वर्षे फारसे कोणी तिची परीक्षाच घेतली नाही.

२००२ साली रिचर्ड सीगर आणि सहकाऱ्यांनी ती घेतली. निरीक्षणे आणि संगणकीय प्रारूपे यांच्या आधारे त्यांनी दाखवले, की अटलांटिकच्या दोन किनाऱ्यांवरील हिवाळ्यात जो १५ ते २० अंश सेल्सिअसचा फरक आहे, त्यात प्रवाहांनी वाहून आणलेल्या उष्णतेचा वाटा लहान आहे. मोठी कारणे दोन. पहिले असे, की समुद्राचा वरचा थर उन्हाळ्यात उष्णता साठवतो, हिवाळ्यात सोडतो, आणि पश्चिमी वारे ती युरोपकडे नेतात. यासाठी पाणी उष्ण कटिबंधातून यावे लागत नाही. ते जागच्या जागी असले तरी चालते. दुसरे कारण ऐकून विद्यार्थी चकित होतील : रॉकी पर्वत. या पर्वतरांगेमुळे पश्चिमी वाऱ्यांना नागमोडी वळण पडते. उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागावर ते उत्तरेकडची थंड हवा आणतात, तर अटलांटिक ओलांडताना ईशान्येकडे वळून युरोपला नैर्ऋत्येची उबदार हवा देतात.

वर्गात करण्याजोगा एक पडताळाही आहे. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरील व्हँकूव्हर ४९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. जानेवारीचे सरासरी तापमान शून्याच्या ३-४ अंश वर. पॅसिफिकच्या दुसऱ्या काठावरील व्लादिवोस्तोक त्याहून दक्षिणेला, ४३ अंशांवर. तिथे ते उणे १२ च्या आसपास. या अक्षांशांत उत्तर पॅसिफिक महासागर उत्तरेकडे अटलांटिकपेक्षा फारच कमी उष्णता नेतो. तरी फरक तसाच! म्हणजे मुख्य कारण दोन्ही महासागरांत सारखे असणार, आणि ते म्हणजे वारा कोठून येतो हे.

याचा अर्थ नकाशावरचे बाण पुसून टाकावेत असा नाही. नॉर्वेच्या उत्तर किनाऱ्यावर, जिथे समुद्र एरवी गोठला असता, तिथे प्रवाहाने आणलेली उष्णता खरोखर निर्णायक आहे. ६९ अंशांवरचे मुरमान्स्क बंदर हिवाळ्यातही खुले राहते ते त्यामुळेच. शिवाय उत्तर अटलांटिकमध्ये थंड, खारट पाणी खोल बुडते आणि त्याची जागा घ्यायला वरून उबदार पाणी येते. तापमान आणि क्षारता यांचे काम ते हेच. २००४ पासून २६ अंश उत्तरेला या अभिसरणाचे सतत मापन चालू आहे. चालू शतकात ते क्षीण होईल असे आयपीसीसीच्या २०२१ च्या अहवालाने म्हटले आहे, आणि ते फारच मंदावले तर वायव्य युरोप काही अंशांनी थंड होईल असे प्रारूपे सांगतात. मात्र 'गल्फ स्ट्रीम थांबणार' अशा बातम्या येतात तेव्हा वाऱ्याने चालणारे चक्र आणि हे खोल अभिसरण यांची गल्लत झालेली असते. वारे आहेत आणि पृथ्वी फिरते आहे तोवर पहिले थांबणार नाही. निरनिराळ्या वाट्यांवर शास्त्रज्ञांत अजूनही वाद आहेत. तेही मुलांना सांगावे.

शेवटचा आक्षेप आपल्याच समुद्राबद्दल. धड्यात हिंदी महासागराला चार ओळी मिळतात : मोसमी वाऱ्यांबरोबर प्रवाह दिशा बदलतात, इति. पण आपल्या पश्चिम किनाऱ्यालगतचा प्रवाह पावसाळ्यात दक्षिणेकडे आणि हिवाळ्यात उत्तरेकडे वाहतो; आणि हिवाळ्यात तो चक्क वाऱ्याच्या विरुद्ध जातो! गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील सतीश शेट्ये आणि सहकाऱ्यांनी १९९०-९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधांत या प्रवाहाचे वर्णन आहे. बंगालच्या उपसागरातील वाऱ्यांचा परिणाम संथ, दीर्घ तरंगांच्या रूपाने किनारा धरून, श्रीलंकेला वळसा घालून आपल्याकडे पोचतो हे त्यामागचे एक कारण. 'वारा तसा प्रवाह' असे पाठ केलेल्या विद्यार्थ्याला रत्नागिरीसमोरचा समुद्रच खोटे पाडतो. हे उदाहरण पुस्तकात का नसावे?

आता त्या शून्याकडे. मे महिन्यात नागपूर ४२ अंशांच्या पुढे जाते आणि मुंबई ३३-३४ वर राहते, तेव्हा आपण कोणताही प्रवाह मधे आणत नाही. समुद्रसान्निध्य, सम हवामान असे म्हणतो. त्या मुलाने तोच विचार लंडनला लावला. नकाशावर बाण दिसत असताना त्याने वाऱ्याची दिशा पाहिली. बाईंना मी सांगितले, तीनपैकी निदान दोन गुण द्या, आणि ते उत्तर वर्गात वाचून दाखवा. पुढच्या परीक्षेत प्रश्न थोडा बदलता येईल : 'व्हँकूव्हरचा हिवाळा व्लादिवोस्तोकपेक्षा सौम्य का? नकाशा पाहून कारणे द्या.' याचे तयार उत्तर मार्गदर्शकात सापडणार नाही. मुलांना नकाशा उघडावा लागेल, आणि आपल्यालाही.