वाचनाचे माप आणि कथेचा शेवट

साहित्यकृतीचे मूल्य आणि साहित्यिकाचा मोबदला या दोन गोष्टी मराठी समीक्षेने कटाक्षाने वेगळ्या ठेवल्या आहेत. मूल्याचा विचार समीक्षकाने करावा आणि मोबदल्याचा प्रकाशकाने, अशी ही विभागणी. तिचा लाभ असा की, खपाच्या आकड्यांवरून श्रेष्ठत्व ठरवण्याचा मोह बऱ्याच अंशी टळला. हानी अशी की, मोबदला देण्याची रीत साहित्यकृतीच्या रूपबंधात कशी शिरते, हा प्रश्न वाङ्मयबाह्य ठरून अभ्यासाच्या कक्षेबाहेर राहिला. मोबाइलवरील लेखनमंचांनी मात्र तो आता टाळता येणार नाही अशा स्वरूपात पुढे आणला आहे. पुस्तक विकले गेले की प्रकाशकाचा वाचकाशी असलेला हिशेब संपतो. ते वाचले गेले की कपाटात पडून राहिले, याच्याशी त्याला कर्तव्य नसते. लेखनमंचाचा हिशेब नेमका येथून सुरू होतो. वाचक किती पुढे गेला, कुठे थांबला, दुसऱ्या दिवशी परत आला की नाही, यावर तेथे पैसा फिरतो. वस्तूऐवजी क्रियेला किंमत देणारी ही व्यवस्था आहे.

मराठीपुरते पाहता या व्यवस्थेचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे प्रतिलिपी. २०१४ साली बंगळुरूत सुरू झालेला हा मंच मराठीसह बारा भारतीय भाषांत चालतो. आरंभी लेखन आणि वाचन दोन्ही विनामूल्य होते. वाचनसंख्या, पाच ताऱ्यांचे मूल्यांकन आणि अनुयायांचा आकडा हाच लेखकाचा लाभ होता. पुढे वर्गणी आली आणि नाणी आली. वाचक पैसे देऊन नाणी घेतो आणि स्टिकरच्या रूपाने लेखकाला भेट देतो. आवडत्या लेखकाची स्वतंत्र वर्गणी भरून तो ‘सुपरफॅन’ होऊ शकतो. मालिकेचा पुढचा भाग लगेच हवा असेल तर पैसे मोजावे लागतात, थांबायची तयारी असेल तर तो काही काळाने आपोआप खुला होतो. २०२१ साली या कंपनीत मोठी गुंतवणूक करणारी क्राफ्टन ही दक्षिण कोरियातील कंपनी संगणकीय खेळ बनवणारी आहे, ही बाब विसरण्याजोगी नाही. पुढच्या पायरीसाठी नाणी खर्च करण्याची कल्पना कथेआधी खेळात रुळली होती.

या लेखनाकडे पाहण्याची विद्यापीठीय वर्तुळातील रूढ दृष्टी तुच्छतेची आहे. ती कितपत न्याय्य आहे, हे धाराशिवसारख्या जिल्ह्यातून पाहिल्यास वेगळे दिसते. भूम, परंडा, वाशी, लोहारा या तालुक्यांत लिहिणाऱ्याला मराठी साहित्यव्यवहाराने आजवर काय दिले? पुण्या-मुंबईच्या प्रकाशकाकडे हस्तलिखित पाठवून वर्षानुवर्षे उत्तराची वाट पाहणे, कवितासंग्रह असेल तर बहुधा तो स्वखर्चाने काढणे आणि दिवाळी अंकात कथा आलीच तर मानधन म्हणून अंकाची एक प्रत स्वीकारणे, हा क्रम कोणालाही अपरिचित नाही. लेखकाला पैसे न देण्याला ‘वाङ्मयसेवा’ हे नाव देणाऱ्या संस्कृतीने पैसे देणाऱ्या मंचाला धंदेवाईक म्हणावे, यात काही एक विनोद आहे. मंचावर लिहिणाऱ्यांत स्त्रियांची संख्या ठळकपणे जाणवते. घरातील कामे उरकल्यावर फोनवर एकेक भाग टंकणाऱ्या स्त्रीला त्याचे चार पैसे मिळाले, तर तो तिच्या लेखनाचा पहिलाच व्यावहारिक स्वीकार असण्याचा संभव असतो.

जानेवारी २०२० मध्ये तेव्हाच्या उस्मानाबादेत ९३वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या अध्यक्षतेखाली भरले, तेव्हा साहित्यनगरीला संत गोरोबाकाकांचे नाव देण्यात आले होते. गोरोबांचे तेर याच जिल्ह्यात आहे. संतमेळ्यात मुक्ताबाईच्या सांगण्यावरून गोरोबांनी थापटण्याने एकेका संताचे डोके वाजवून पाहिले आणि साक्षात विठ्ठलाच्या सर्वाधिक लाडक्या नामदेवाला कच्चे मडके ठरवले, ही कथा सर्वश्रुत आहे. समीक्षेला ती जवळची वाटावी अशीच आहे: जवळीक व लोकप्रियता निराळी, पक्वता निराळी, आणि पक्वतेची पारख मोजून होत नाही, आवाज ऐकून होते. परंतु मराठी समीक्षेच्या हाती हे थापटणे आले तेव्हा आपल्या वर्तुळाबाहेरून आलेले मडके ती न वाजवताच कच्चे ठरवत आली, हेही नोंदवले पाहिजे. लेखनमंचांवरील मजकुराबाबत तेच घडत आहे. तो कच्चा आहे असे म्हणण्यापूर्वी तो ज्या आव्यात भाजला जातो, त्याची रचना समजून घेणे आवश्यक ठरते.

श्रोत्याच्या प्रतिसादानुसार कलावंताला पैसा मिळणे ही मराठी परंपरेला नवी गोष्ट नव्हे. तुळजापूरच्या परिसरात गोंधळ घालणाऱ्याला यजमान संपूर्ण विधीचे देणे देतो. आख्यानात श्रोते किती रमले यावर ते कमीजास्त होत नाही. कीर्तनकाराची बिदागीही बहुधा आधी ठरलेली असते. संगीतबारीतील दौलतजादा मात्र निराळ्या तत्त्वावर चालतो. शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातील मोडनिंबपासून नगरकडील जामखेडपर्यंत पसरलेल्या या कलाव्यवहारात रसिक विशिष्ट लावणीची फर्माईश करतो, विशिष्ट क्षणी नोट पुढे करतो आणि त्यासरशी अदा लांबते, ओळ पुन्हा येते. येथे पैसा कलाकृतीला दिलेला नसून क्षणाला दिलेला असतो, आणि तो क्षणाची लांबी बदलतो. प्रतिलिपीवरील नाणी व स्टिकर यांचे खरे पूर्वरूप हे आहे. फरक असा की, दौलतजादा भर बैठकीत होतो. कोणी किती दिले हे सर्वांना दिसते. मालक, साजिंदे आणि नाचणारी यांच्यातील वाटणी कितीही अन्याय्य असली तरी ती कोणत्या रिवाजाने होते, हे तिघांनाही माहीत असते.

मंचाच्या वाटणीबाबत असे म्हणता येत नाही. बैलबाजारात रुमालाखाली बोटे धरून सौदा होई तेव्हा भोवतीच्या गर्दीला भाव कळत नसे, पण रुमालाखाली ज्यांचे हात असत त्यांना तो नक्की कळे. लेखनमंचाच्या रुमालाखाली लेखकाचा हात नसतो. कोणती मालिका पहिल्या पडद्यावर दिसावी, कोणत्या वाचनाला किती वजन द्यावे, हे ठरवणारे सूत्र कंपनीचे असते आणि ती ते केव्हाही बदलू शकते.

सूत्र बदलल्याने रूपबंध कसा बदलतो, याचे जवळजवळ प्रयोगशाळेतले वाटावे असे उदाहरण किंडल अनलिमिटेड या वर्गणी योजनेने पुरवले. २०१४ साली ती सुरू झाली तेव्हा वाचकाने पुस्तकाचा दहावा हिस्सा ओलांडला की लेखकाच्या नावे एक वाचन जमा होई. तीस पानांची पुस्तिका आणि चारशे पानांची कादंबरी यांना सारखेच पैसे मिळत. साहजिकच मजकूर तोडून आखूड पुस्तिका काढण्याकडे कल झाला. जुलै २०१५ पासून हिशेब वाचलेल्या पानांवर आला, आणि मजकूर फुगू लागला. काहींनी तर पहिल्याच पानावर शेवटच्या पानाचा दुवा देऊन वाचकाला उडी मारायला लावली, म्हणजे मधली सारी पाने वाचली गेल्याची नोंद होई. अखेर एका पुस्तकाच्या एका वाचनासाठी तीन हजार पानांची कमाल मर्यादा घालावी लागली. छीत्यान या चिनी मंचाने २००३ पासून हजार अक्षरांमागे दर लावला, त्यातून दररोज भाग देणाऱ्या प्रचंड लांबीच्या कादंबऱ्या निघाल्या. मीडियम या अमेरिकी मंचाने २०१७ साली वाचकांच्या टाळ्यांवर पैसे द्यायला सुरुवात केली आणि २०१९ साली टाळ्या सोडून वाचनवेळ धरला. कोणत्याही वाङ्मयप्रकाराची लांबी आशयाच्या गरजेतून ठरते, हे रूपवादी गृहीतक या उदाहरणांपुढे टिकणे अवघड आहे.

यावर कोणी म्हणेल, क्रमशः प्रकाशन तर आधुनिक मराठी कादंबरीच्या जन्मापासूनचे आहे. ते खरेच आहे. ह. ना. आपटे यांनी १८९० साली ‘करमणूक’ हे साप्ताहिक काढले आणि ‘पण लक्षात कोण घेतो?’ त्यातूनच हप्त्याहप्त्याने वाचकांपुढे आली. पुढचा अंक येईपर्यंत वाचक थांबत होता, तर्क करत होता. वोल्फगांग इझर याने संहितेतील ‘रिकाम्या जागां’चा सिद्धांत मांडताना याच अनुभवाचा आधार घेतला आहे: एकोणिसाव्या शतकातील वाचकांना हप्त्यांनी वाचलेली कादंबरी पुस्तकरूपापेक्षा सरस वाटे, कारण खंडामुळे वाचकाची कल्पनाशक्ती कामाला लागे. खंड ही वाचकाला मिळालेली जागा होती. ‘करमणूक’च्या वर्गणीदाराने पैसे साप्ताहिकाचे दिलेले होते. आठवडाभराच्या प्रतीक्षेला वेगळी किंमत नव्हती. ती मोजूनही संपवता येत नव्हती.

लेखनमंचाने केलेला मूलभूत बदल येथे आहे, आणि तो नुसत्या ‘क्रमशः’ या शब्दाने झाकला जातो. थांबणाऱ्याला पुढचा भाग फुकटच मिळणार आहे. तेव्हा नाणी देणारा वाचक भाग विकत घेत नाही, तो प्रतीक्षा टाळणे विकत घेतो. इझरची रिकामी जागा येथे बाजारात आली आहे. जी जागा वाचकाने स्वतःच्या कल्पनेने भरायची, ती बुजवण्यासाठी तो पैसे देतो. आणि लेखकाचे उत्पन्न ती जागा किती असह्य करता येते यावर अवलंबून राहते. दाराबाहेर वाजलेली पावले, अर्धवट तुटलेला फोन, लग्नमंडपात उभी राहिलेली अनोळखी स्त्री, या भागान्तीच्या क्लृप्त्यांना केवळ लेखकाच्या अभिरुचीचा दोष मानणे म्हणूनच अपुरे आहे. वाचकाच्या मनात उघडणाऱ्या अनेक रिकाम्या जागांपैकी फक्त एका जातीची जागा, म्हणजे पुढे काय झाले ही, विक्रीयोग्य असते. असे का झाले, याचा अर्थ काय, आपण यात कुठे आहोत, या प्रश्नांनी उघडणारी जागा पुढच्या भागाने भरत नाही, म्हणून तिला दर नाही.

आणि ज्या साहित्यप्रकाराला पुढचा भागच नसतो, त्याचे काय? भास्कर चंदनशिव हे कळंब तालुक्यातील हासेगावचे. त्यांच्या ‘लाल चिखल’ या कथेत बाजारात टोमॅटोला भाव मिळत नाही आणि बाप आपलाच माल पायांखाली तुडवतो. मुलगा ते पाहतो. घटना एवढीच आहे. काही मिनिटांत वाचून होणाऱ्या या कथेचे खरे वाचन ती संपल्यावर सुरू होते. पुस्तक खाली ठेवून वाचक गप्प बसतो तो वेळ कोणत्याही यंत्रात नोंदला जात नाही. उलट यंत्राच्या दृष्टीने तो वाचक निघून गेलेला असतो. वाचनवेळेचे माप लावल्यास ही कथा अगदी हलकी ठरेल, आणि दुसऱ्या भागाची ओढ हे माप लावल्यास शून्य. मराठवाड्याच्या दुष्काळी मुलुखातील जगण्याला ज्या प्रकाराने सर्वाधिक नेमके रूप दिले, त्या ग्रामीण कथेचे सारे बळ शेवटानंतरच्या या मौनात साठवलेले आहे.

भालचंद्र नेमाडे यांनी लघुकथेला गौण लेखले, त्यावर मराठीत भरपूर वाद झाला. लघुकथा नियतकालिकांच्या पानांवर वाढली हे कोणीही नाकारणार नाही. ‘सत्यकथा’ १९८२ साली बंद झाल्यावर आणि दिवाळी अंकांचा आधार क्षीण होत गेल्यावर तिची अडचण वाढली हेही खरे. मात्र नियतकालिकाने कथेला लांबीची मर्यादा घातली होती, शेवटाची मनाई केली नव्हती. संपादक कथा परत पाठवी तेव्हा बहुधा ती नीट संपत नाही म्हणून पाठवी. मंच लेखकाकडून जी अपेक्षा करतो ती नेमकी उलट दिशेची आहे, आणि ती कोणी बोलून दाखवत नाही. दर महिन्याच्या जमेतून लेखक ती स्वतःच शिकतो. कळंब वा उमरग्याच्या एखाद्या नव्या कथाकाराने दहा मिनिटांची, संपणारी कथा मंचावर ठेवली तर तिच्यावर बंदी येत नाही. ती फक्त खाली सरकते. पुढच्या वेळी तो तीच कथा चाळीस भागांत लिहितो, बापाने टोमॅटो तुडवण्याआधी व्यापाऱ्याच्या मुलीचे प्रेमप्रकरण घालतो, आणि यात आपण काही गमावले असे त्याला वाटण्याचे कारण उरत नाही.

समीक्षेपुढील काम त्यामुळे दुहेरी आहे. या मालिका वाचल्या पाहिजेत, आणि पुस्तके वाचतात तशा वाचता कामा नयेत. त्यांची संहिता भागाभागांनी वाढते, दोन भागांच्या मध्ये आलेल्या वाचकांच्या अभिप्रायांनी पात्रांचे प्राक्तन बदलू शकते, लेखक मागचा भाग मागाहून दुरुस्त करू शकतो. पहिले रूप, अभिप्राय आणि दुरुस्त रूप यांची तुलना हा खरे तर पाठचिकित्सेचा विषय आहे. महानुभाव पोथ्यांच्या पाठभेदांवर पिढ्यानुपिढ्या कष्ट घेणाऱ्या मराठी संशोधनाला तो परका वाटू नये. अडचण साधनांची आहे. ‘करमणूक’ची फाइल कुठल्यातरी ग्रंथालयात धूळ खात का होईना टिकून राहू शकते. मंचावरील मालिका लेखकाने काढून टाकली किंवा कंपनीने गाशा गुंडाळला की अभिप्रायांसकट नाहीशी होते. किंडलचीच भागशः कथांसाठीची वेल्ला ही योजना २०२१ साली सुरू होऊन २०२५ साली बंद झाली. मराठी विभागांनी जिल्हावार लेखक हाताशी धरून, त्यांच्या संमतीने, निवडक मालिकांचे भाग, तारखा आणि अभिप्राय यांच्या प्रती आजच जतन करायला घेतल्या, तरच वीस वर्षांनी या काळातील मराठी कथनाविषयी पुराव्यानिशी काही लिहिता येईल.