झोपलेल्या मुलीच्या बाजूनं

कॅरीतल्या मराठी घरांत हे गाणं लागलं की आधी बाबा लोकांचे डोळे पाणावतात. संदीप खरे यांचं ‘दमलेल्या बाबाची कहाणी’ तुम्हीही ऐकलं असेलच. खरे स्वतःच्या कविता स्वतः गात पुढे आले. २००३ मध्ये सलील कुलकर्णींबरोबर ‘आयुष्यावर बोलू काही’ सुरू झालं आणि लोक तिकीट काढून कविता ऐकायला येऊ लागले.

या गाण्याची ताकद त्याच्या घाटात आहे. व्रताच्या कहाणीतलं आटपाट नगर इथे लोकलच्या गर्दीचं होतं, आणि राजा म्हणजे साधा नोकरदार. कॅरीत लोकल नाही, पण आय-४० आहे, रात्री पुण्याशी कॉल आहेत. म्हणून ते इथेही तितकंच लागतं.

पण एकदा मुलीच्या बाजूनं ऐकून बघा. ती झोपलेली आहे. बाबा मनातलं सगळं बोलतो, पण तिला उत्तर देता येणार नाही अशा वेळी. शेवटी तो थेट तिच्या सासरी जाण्यापाशी पोचतो. ती जागी राहून उलट प्रश्न विचारेल, त्या मधल्या वर्षांवरून गाणं भरकन पुढे जातं. तुमच्यापैकी बरेच जण नेमके त्याच वर्षांत आहेत.

गाणं प्रामाणिक आहे, पण अर्धं. उरलेलं अर्धं तुम्ही लिहा की! मराठी थोडी अमेरिकन वळणाची झाली तरी चालेल.